वखारीची नोट

घडीकाकांशी रस्त्यात बोलायला थांबायचं तर आधी आपली कॉलर तपासून घ्यावी, असं गल्लीत सगळे सांगत. बोलता बोलता काकांचा हात पुढे यायचा आणि समोरच्याची कॉलर सरळ होऊन जायची. बँकेच्या मॅनेजरसाहेबांचीसुद्धा त्यांनी भर चौकात केली होती. साहेबांनी मनावर घेतलं नाही, कारण त्यांचे सगळे शर्ट काकांच्याच लाँड्रीत यायचे आणि साहेबांचं पोट सुटतंय हे काकांना साहेबांच्या बायकोच्या आधी कळायचं. असल्या माणसाशी वाकडं घेऊन चालत नाही.

लाँड्री कोपऱ्यावर होती. पुढे काउंटर, त्यामागे इस्त्रीचं लांबलचक टेबल, त्याच्यामागे गरम पाण्याच्या टाक्या, आणि जिना चढून गेलं की घर. परतलेल्या कांद्याचा वास खाली येऊन कपड्यांना लागू नये म्हणून काकू जिन्याचं दार लावून घ्यायच्या आणि काका ते हळूच उघडायचे, कारण वर काय शिजतंय हे कळल्याशिवाय त्यांची इस्त्री चालत नसे. उजव्या भिंतीवर ओळीनं खुंट्या होत्या. त्यातली शेवटची खुंटी बेवारशी कपड्यांची. धुवायला टाकून जे न्यायला विसरतात, त्यांचं सगळं तिथं लटकायचं.

भिंतीवर काकांच्या वडिलांनी मोठ्या अक्षरांत रंगवून घेतलेली पाटी होती: ‘या दुकानातून मळकं काही बाहेर जात नाही.’ आणि त्याच वडिलांनी पावतीच्या तळाशी मुंगीएवढ्या अक्षरांत छापून घेतलं होतं: ‘धुताना रंग गेल्यास दुकान जबाबदार नाही.’ पाटी सगळे वाचत, पावतीचा तळ कुणी वाचत नसे. या दोन वाक्यांच्या मधल्या जागेत धंदा दोन पिढ्या सुरळीत चालला होता.

काकांना खूळ एकच, पण ते चांगलं मुरलेलं. त्यांना युद्धातल्या नोटा गोळा करायचा नाद होता.

काका लहान असताना मोठं युद्ध झालं. धातू गेला तोफगोळ्यांना, आणि जी नाणी उरली ती लोकांनी डब्यात नाहीतर गादीत दडवली. बघता बघता बाजारातून सुटे पैसे नाहीसे झाले. बेकरीत मोड मिळेना, ट्रामच्या कंडक्टरकडे मोड मिळेना. भांडणं हातघाईवर यायला लागली, तेव्हा ज्यानं त्यानं आपापल्या आणीबाणीच्या नोटा छापून घेतल्या. बेकरीची नोट पुड्या बांधायच्या तपकिरी कागदावर होती आणि तिच्यावरचा पाव अगदी बुटासारखा दिसायचा. स्नानगृहाची निळी होती. तिच्यावर लिहिलेलं, ‘एक आंघोळ, साबण आपला.’ औषधवाल्यानं नुसती सही ठोकली होती. ती त्याची त्यालाही वाचता येत नसे, त्यामुळे तिची नक्कल करायची कुणाची छाती झाली नाही. आणि कोळशाच्या वखारीची नोट होती एक टोपली कोळशाची, घोडागाडीचं चित्र असलेली.

युद्ध संपलं, नाणी परत आली आणि नोटा केरात गेल्या. वखारीच्या तर त्याआधीच संपल्या होत्या. शेवटच्या हिवाळ्यात वखारीत कोळशाचा खडा उरला नाही, तेव्हा लोकांनी तिच्या नोटांवरच चुली पेटवल्या. नोटेतून ऊब तर मिळाली, वखारवाला शब्दाला जागला, असं म्हणून लोक हसायचे.

लाँड्रीत कपडा आला की आधी खिसे बघायचे, ही पहिली शिकवण. वडिलांच्या हाताखाली शिकताना काकांची बोटं एका जाड कोटाच्या फाटक्या खिशातून अस्तरात शिरली आणि बेकरीची नोट घेऊन बाहेर आली. कोटाच्या मालकीणबाईंनी ती बघितली, खूप हसल्या आणि म्हणाल्या, ठेव तुलाच. झालं. तेव्हापासून काकांची बोटं अस्तरं चाचपायला लागली ती कायमची. गिऱ्हाइकाला विचारल्याशिवाय त्यांनी चिटोरंही ठेवून घेतलं नाही, पण विचारायचे अशा चेहऱ्यानं की नाही म्हणायला माणूस दगडाच्या काळजाचा हवा. नोटा ते शर्टांच्या चपट्या खोक्यांत पातळ कागदाच्या घड्यांमधे ठेवायचे. रविवारी दुकान बंद असलं की जुन्या बाजारात हिंडायचे. एक एक करत सगळ्या मिळाल्या. वखारीची तेवढी मिळेना.

त्या नोटेपायी जिवावर बेतलं होतं. वीसेक वर्षांपूर्वीची गोष्ट. भर थंडीत, पावसात, जुन्या बाजारातल्या पेट्या उपसत काका दिवसभर उभे राहिले आणि न्यूमोनिया घेऊन घरी आले. ताप उतरला, पण काका काही उठेनात. भिंतीकडे तोंड करून पडून राहायचे. जेवण नको, बोलणं नको. दुकान काकू एकट्या ओढत होत्या. एके दिवशी त्या जिन्यातून ओरडल्या, “अहो, शेवटच्या खुंटीवरचा तो काळा कोट वर्षभर लटकतोय. त्याचे खिसे बघितलेत का कधी? का आता तेही मीच बघू?”

आपल्या दुकानात दुसऱ्यानं खिसे बघायचे म्हणजे अतीच झालं. काका पांघरुणासकट जिना उतरले. कोटाच्या अस्तरात हात घातला आणि मटकन खाली बसले. हातात घोडागाडी होती. दुसऱ्या दिवशी काका इस्त्रीच्या टेबलापाशी उभे होते, आणि त्यानंतर त्यांनी साध्या सर्दीलाही दाराशी उभं केलं नाही.

ही नोट म्हणजे त्यांचा जीव की प्राण. बाकीच्यांपेक्षा ती जाड होती. वखारवाला पैसेवाला, म्हणून त्यानं दुपदरी कागद वापरला, असा शोध काकांनी लावला होता. घोड्याचे पाय जरा आखूड होते. युद्धात जनावरांनाही चारा कमी पडला, चित्रकारानं डोळ्यांनी बघितलं तेच काढलं, असं ते येणाऱ्याजाणाऱ्याला समजावून सांगत. काकू अशा वेळी हटकून चहा ठेवायला वर जात.

तर अशा या काकांना एक दिवस संग्रहालयातून फोन आला. मुलानं परस्पर कळवलं होतं, दुपदरी नोटेच्या वर्णनासकट. संग्रहालयाच्या बाईंनी दोनच गोष्टी विचारल्या: संच पूर्ण आहे ना, आणि नोटा जशा सापडल्या तशाच आहेत ना. काकांनी दोन्हींना छाती फुगवून हो म्हटलं. मग रविवारी बघायला येते, म्हणाल्या बाई. सगळं ठीक असेल तर समोरच्या दालनात एक काचेचं कपाट मोकळं आहे, ते तुमच्या नोटांना देऊ.

काकांनी फोन ठेवला. आयुष्यभर आपण दुसऱ्यांचे कपडे दुसऱ्यांच्या कपाटांत पाठवले. एका कपाटात आपलं म्हणून काहीतरी राहावं, असं त्यांना फार वाटे, पण हे त्यांनी काकूंनाही कधी सांगितलं नव्हतं. काकूंना ते ठाऊक होतं, ही गोष्ट वेगळी.

घरात नवी सून आली होती. दोनच महिने झाले होते. मुलगा गाडी घेऊन कपडे पोचवायला दिवसभर बाहेर, त्यामुळे ती दुकानात सासऱ्याच्या हाताखाली राहायची. मुलगी गुणी. तिच्या हातची खळ अशी बसायची की लेसची टोपी टेबलावर ठेवली तर उभी राहावी. पण बोलायची कमी, आणि अजून पाहुण्यासारखी खुर्चीच्या कडेवर बसायची. काकांनी तिला काम शिकवताना पाटीवरचं वाक्य इतक्यांदा ऐकवलं होतं की काकू म्हणाल्या, “पुरे की हो. पोरगी झोपेत बडबडायला लागेल.”

शनिवारी दुपारी काका केस कापायला गेले. निघताना सुनेला खोकी दाखवून म्हणाले, “उद्या बाई येणार. या आता बाहेर जाणार बरं का.” आणि चेहऱ्यावरचा आनंद दिसू नये म्हणून भराभर चालायला लागले.

सुनेनं खोकं उघडलं. आत बघते तर काय, एकीवर तेलाचा डाग, एकीवर बोटांचे ठसे, एक तर कोळशाच्या भुकटीनं काळी झालेली. तिनं नोटांकडे बघितलं, भिंतीवरच्या पाटीकडे बघितलं, आणि बाह्या वर केल्या.

काम मात्र तिनं जीव ओतून केलं. प्रत्येक नोट काचेवर ठेवून कोमट पाण्यात, मऊ साबणानं, लेस धुतात तशी धुतली. टॉवेलात टिपली. हलकी खळ दिली आणि वर पातळ फडकं घालून इस्त्री फिरवली. काका नव्या कोऱ्या मानेनं परत आले तेव्हा टेबलावर नोटा ओळीनं मांडलेल्या होत्या, कालच छापल्यासारख्या. बेकरीचा पाव पहिल्यांदाच पावासारखा दिसत होता.

काकांनी टेबलाची कड धरली.

“बाबा, कुणाचाही रंग गेला नाही,” सून म्हणाली. “एकीचा सोडून. वखारीच्या नोटेचा गेला. आणि ती सुटली. दोन पदर वेगळे झाले. मला काही कळलंच नाही.”

“पण तुला धुवायला सांगितलं कुणी?” काकांनी विचारलं.

तिनं पाटीकडे बोट दाखवलं. “तुम्हीच म्हणालात, बाहेर जाणार म्हणून. किती मळ होता त्यांच्यावर.”

“अगं, तो मळ नव्हता,” काका म्हणाले. “ते युद्ध होतं.”

ओरडले असते तर बरं झालं असतं. ते इतक्या हळू बोलले की पोरीच्या तोंडचं पाणी पळालं. एका बशीत वखारीच्या नोटेचे दोन तुकडे पालथे पडले होते. तेवढ्यात काकू खाली आल्या. त्यांनी टेबल बघितलं, सून बघितली, बशी बघितली, आणि झटकन दुसरी बशी तिच्यावर पालथी घातली. “राहू दे आता. बघवत नसेल तुम्हाला,” एवढंच म्हणाल्या. एरवी साधं बटण तुटलं तरी अर्धा तास बोलणाऱ्या काकू त्या संध्याकाळी मुक्या झाल्या. जेवताना सून खाली मान घालून म्हणाली, “सोमवारी मी थोडे दिवस आईकडे जाऊन येते.” कुणीच जा म्हणालं नाही आणि कुणी राहा असंही म्हणालं नाही. काका कपाट गेल्याच्या दुःखातच ताटावरून उठले.

रविवारी सकाळी दाढी करताना काकांनी आरशासमोर एक वाक्य बसवून घेतलं: घरात नवीन मुलगी आहे, तिला माहीत नव्हतं, तिच्या हातून झालं. वाक्यात खोटं काहीच नव्हतं. बाईही समजून घेतील, असं त्यांना वाटलं.

बाई आल्या. ठेंगण्या, हसऱ्या, गळ्यात भिंग अडकवलेलं. पहिली नोट त्यांनी चिमट्यानं उचलली, नाकाशी धरली आणि त्यांच्या भुवया वर चढल्या.

“साबणाचा वास येतोय,” त्या म्हणाल्या. “कुणी धुतल्या या?”

काकांनी तोंड उघडलं. जिन्याच्या तळाशी सून उभी होती, आणि तिच्या पायापाशी तिची बॅग भरून तयार होती. सोमवारी जायचं म्हणणारी पोर रविवारीच बॅग भरून बसली होती. आरशासमोर बसवलेलं वाक्य काकांनी सोडून दिलं.

“दुकानानं धुतल्या,” ते म्हणाले. “आणि दुकान म्हणजे मी. आमच्याकडून मळकं काही बाहेर जात नाही.” आणि त्यांनी पाटीकडे हात केला.

बाईंनी पाटी वाचली. मग त्यांनी भिंग काढलं आणि खुर्चीत टेकून पोट धरून हसल्या. हसणं ओसरल्यावर म्हणाल्या, “धुतलेल्या नोटांना जाणकार विचारत नाहीत, हे तुम्हाला सांगायला नको. पण धुतल्यात मात्र झकास. बरं, ती दुपदरी कुठाय? खरं तर तिच्यासाठीच आले मी.”

काकूंच्या हातात चहाचा ट्रे होता. तो किणकिणला.

काकांनी झाकलेली बशी पुढे सरकवली आणि तोंड फिरवलं. बाईंनी पहिला तुकडा उचलला. त्याच्यावर पसरलेला काळा डाग आणि घोड्याचे दोन पाय एवढंच उरलं होतं. मग त्यांनी मागचा पदर उचलला, जो इतकी वर्षं खळीनं आतल्या बाजूनं चिकटलेला होता, आणि उलटला. त्या बाजूला काहीतरी छापलेलं होतं. बाईंनी डोळ्याला भिंग लावलं आणि सावकाश वाचलं.

“धुताना रंग गेल्यास दुकान जबाबदार नाही.”

काका हळूहळू वळले आणि त्यांनी काकूंकडे बघितलं.

“परत एकदा वाचा की बाई, मोठ्यानं,” काकू म्हणाल्या. “सूनबाईला जरा धीर येईल.” आणि त्यांनी ट्रे खाली ठेवला.

“तू?” काका म्हणाले.

“मग काय करणार होते? ताप गेला, तरी तुम्ही उठेना. डॉक्टर म्हणाले, औषध संपलं, आता यांना उठायला कारण पाहिजे. मी कारण कुठून आणू? माझ्याजवळ पावतीपुस्तक होतं आणि खळ होती. घरातलं बाकी सगळं संपलं होतं हो तेव्हा. म्हणून छापली एक.”

“आणि घोडा?”

“घोडा पाट्या रंगवणाऱ्याचा. आधीच सांगत होता बिचारा, मला कुत्री बरी जमतात म्हणून.”

काकांनी तो डाग पडलेला तुकडा तळहातावर घेतला. वीस वर्षं त्यांनी या घोड्याच्या पायांवर व्याख्यानं दिली होती, आणि वीस वर्षं काकू ती ऐकून न हसता जिना चढत होत्या. त्यांचे डोळे भरून आले आणि त्याच वेळी त्यांना हसूही फुटलं. दोन्ही एकदम आवरणं काही त्यांना जमलं नाही. काकूंनी पदराऐवजी हाताला लागेल तो टॉवेल पुढे केला. तो मॅनेजरसाहेबांचा होता.

बाईंनी चहा संपवला आणि आपला निर्णय सांगितला. समोरच्या दालनातलं कपाट काही देता यायचं नाही, पण जिन्याखाली एक आहे, काचेचंच, शाळेतली मुलं तिथंच जास्त रेंगाळतात. नोटा स्वच्छ आहेत, त्यांना वाचता येतील. वखारीची जागा मात्र रिकामी ठेवावी लागेल. जाता जाता त्या काकांच्या हाताकडे बघून म्हणाल्या, “तेवढे दोन तुकडे दिलेत तर मला फार आवडेल.”

“ही नाही,” काका म्हणाले. “बाकीच्या सगळ्या न्या. ही खरी आहे.”

सोमवारी सकाळी सुनेनं खुंटीवरचा आपला कोट काढला. रात्री कुणीतरी त्याची कॉलर सरळ केली होती. अंगात घालायच्या आधी, शिकवल्याप्रमाणे, तिनं खिसे बघितले. उजव्या खिशात काही नव्हतं. डाव्या खिशाच्या तळाशी बोटांना जाड कागद लागला.

लाँड्रीची पावतीच होती, कोरी बाजू वर केलेली, खळ देऊन ताठ केलेली आणि काठाला काठ मिळवून कडक इस्त्री केलेली. तिच्यावर पेन्सिलीनं एक घोडा काढला होता. पाटीवाल्याचा कुत्रा तरी बरा म्हणायचा. घोड्याखाली लिहिलं होतं: ‘या घरातली एक खुर्ची. मागे टेकून बसण्यासाठी. मोड परत मिळणार नाही.’

तिनं ती उलटून बघितली. तळाशी मुंगीएवढ्या अक्षरांतलं ते वाक्य होतंच. त्यातला शेवटचा ‘नाही’ काकांनी पेन्सिल दाबून दाबून खोडला होता.

कोट तिनं परत खुंटीला लावला आणि ती काउंटरपाशी आली. काका एका शर्टाच्या घडीत फार गुंतल्यासारखं दाखवत होते. ती घडी त्यांनी तिसऱ्यांदा मोडली होती.

“पुढच्या रविवारी जुन्या बाजारात जातोय,” ते वर न बघता म्हणाले. “वखारीची खरी नोट असणारच कुठेतरी. येतेस का?”

“येते,” सून म्हणाली. “पण सापडली तर मी तिला हात लावणार नाही.”

“हात लाव,” काका म्हणाले. “पाणी तेवढं लावू नकोस.”